पेंगुळलेला गणपती

तीस वर्षं मी जे काम केलं ते माझ्या आईला शेवटपर्यंत समजलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "आमची नंदा टीव्हीवर टायपिंग करते." मी कधी दुरुस्त करायला गेले नाही, कारण पेणला नोकरीला लागले तेव्हा मलाही यापेक्षा फारसं जास्त कळत नव्हतं. संगणकाला काम नेमून द्यायचं, एवढाच तो धंदा. पण हा गडी असा, की 'विहिरीवरून पाणी आण' सांगितलं आणि 'बादली ने' म्हणायचं राहिलं, तर हात हलवत जाणार आणि ओंजळीतून चार थेंब घेऊन येणार. वर पुन्हा सांगणार, काम झालं. त्याला बादली, दोर, रहाट, सगळं लिहून द्यायचं. त्या लिहून देण्याला प्रोग्राम म्हणतात आणि बादली विसरण्याला बग.

आमचं ऑफिस पेणमध्ये एका पोह्यांच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि मॉनिटरवरची हिरवी अक्षरं मान हलवल्यासारखी हलायची. पोह्यांचा भुगा फ्लॉपीच्या फटीत शिरायचा. तो झटकायला आम्ही दाढीचा ब्रश ठेवला होता. माणसं चार. मालक गुप्ते सर, माझ्यासोबतचे दिनेश आणि अजित, आणि मी.

गुप्ते सर मुंबईच्या मोठ्या कंपनीत काही वर्षं काढून गावी परतलेले. तिकडून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या, एक टाय आणि एक समजूत. समजूत अशी, की जो उशिरापर्यंत बसतो तो खरा काम करतो. टाय पेणच्या उकाड्यात आठ दिवसांत सुटला. समजूत मात्र पक्की राहिली. गिरणी संध्याकाळी सहाला बंद व्हायची, खालच्या बायका हातपाय धुऊन, डोक्यावरचा भुसा झटकून घरी निघायच्या, जमीन एकदम स्थिर व्हायची, आणि सर हात चोळत म्हणायचे, "चला, आता शांततेत खरं काम सुरू!" मग दिवसभर आम्ही काय करत होतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दाराशेजारी एक फळा होता. त्यावर रोज प्रत्येकाने किती वाजता आलो, किती वाजता गेलो आणि एकूण तास किती भरले, ते खडूने लिहायचं. ज्याचे तास जास्त, त्याच्या नावापुढे सर स्वतःच्या हाताने चांदणी काढायचे. शिकलीसवरलेली माणसं त्या खडूच्या चांदणीसाठी घरदार विसरत होती. दिनेश जेवायला जाताना खुर्चीवर छत्री लटकवून जायचा, म्हणजे स्वारी इथेच आहे असं वाटावं. अजित निघायच्या आधी शंभर पानांचं प्रिंटिंग लावून ठेवायचा. प्रिंटर किर्र किर्र करत बसायचा आणि आतल्या खोलीत सरांना वाटायचं, पोरगा राबतोय.

मला यातलं काहीच करता येत नव्हतं, कारण मी जोह्याहून, आमच्या गावाहून, एसटीने यायचे. साडेसहाची गाडी चुकली तर पुढचा भरवसा नाही. रोज सव्वासहाला मी पर्स उचलली की दिनेश म्हणायचा, "निघाल्या सरकारी नोकर!" माझ्या नावापुढे कधी चांदणी पडली नाही. हसण्यावारी न्यायचे, पण मनातून लागायचं. मी कॉलेजात पहिली येणारी मुलगी. शेवटी एक दिवस चिडून बोचकं बांधलं आणि पेणला आत्याकडे राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात तीन चांदण्या मिळवल्या. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडत होतं.

आता जोह्याचं सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. माझ्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरापुढची मोठी पडवी, दोन कारागीर आणि आम्ही घरचे. बाहेरगावचा माल आषाढातच रवाना व्हायचा. मागे राहायचे ते आसपासच्या गावांतल्या घरगुती गिऱ्हाइकांचे गणपती, एकशेदहाच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या ही घरं आमच्याकडूनच मूर्ती नेत. का, तर डोळे. अंगाला रंग कोणीही देईल, पण डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत अवघड. ती आधी बाबा करायचे. आदल्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला आणि ब्रश माझ्याकडे आला, कारण घरात त्यांच्यासारखी रेघ फक्त माझीच होती.

आमच्या कारखान्यात एक शिस्त होती. डोळ्याला ब्रश लावण्याआधी पाटीवर एक रेघ मारून दाखवायची, हातभर लांब, एका दमात. बाबा पाटी उजेडात धरून बघायचे. रेघ सरळ आली तर ब्रश हातात, थरथरली तर झोपायला. मग माणूस कोणीही असो आणि चतुर्थी कितीही जवळ असो. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. म्हणून तर स्वतःच्या हाताने ब्रश खाली ठेवला.

त्या वर्षी मी बाबांना शब्द दिला होता, की श्रावण लागला की सुट्टी घेते आणि सगळे डोळे काढून देते. मी नाही आले, तर हमरापूरहून दुसरा रंगारी बोलवावा लागला असता. तो डोळे चांगलेच काढायचा, पण ते त्याचे डोळे असते. लोकांनी घरी नेऊन म्हटलं असतं, यंदा देवाची नजर बदलली. बाबांना दुसऱ्या कशाची भीती नव्हती, या एका वाक्याची होती.

आणि नेमकं आषाढात रोह्याच्या एका केमिकल कंपनीचं काम आलं. कामगारांची हजेरी संगणकावर घ्यायची. तोवर तिथे टाइमकीपर म्हात्रेमामा जाडजूड मस्टरवर सगळं हाताने लिहायचे. आमच्या प्रोग्रामने तीन शिफ्टची हजेरी मांडायची आणि एक खास यादी छापायची, ठरल्यापेक्षा जास्त राबलेल्या कामगारांची. कारण कायदाच आहे, कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची आणि दहा दिवसांहून जास्त सलग काम करून घ्यायचं नाही. यादीत नाव आलं, की त्या माणसाला सक्तीने घरी पाठवायचं. म्हणजे माणसं जास्त राबू नयेत यासाठीचा प्रोग्राम लिहायला आम्ही रोज चौदा-चौदा तास बसत होतो. यातली गंमत आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आली नाही. लक्षात यायलासुद्धा थोडी झोप लागते.

सर म्हणाले, "गणपतीच्या आधी द्यायचंय! शब्द दिलाय!" झालं. रात्र थोडी सोंगं फार. रविवार गेले, सुट्ट्या गेल्या. आणि त्या तासांतून निघालं काय? संध्याकाळी सहानंतर जे टाके घालायचो ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उसवत बसायचो. एकदा दिनेशने पंधराव्या तासाला रात्रपाळीचा हिशोब लिहिला. माणूस रात्री अकराला आत येतो, सकाळी सातला बाहेर जातो. संगणकाने इमानदारीत सातातून तेवीस वजा केले आणि सांगितलं, या कामगाराने वजा सोळा तास काम केलं. सगळी रात्रपाळी यायच्या आधीच परत गेलेली! हे शोधायला आम्हा तिघांना दोन दिवस लागले. ताज्या डोक्याने दहा मिनिटांत सापडलं असतं. पण फळ्यावर त्या दोन दिवसांच्या तीन चांदण्या पडल्या.

श्रावण लागला तशी माझी घालमेल सुरू झाली. एका पहाटे पहिल्या गाडीने जोह्याला गेले. विचार असा, की दोन तास डोळे काढायचे आणि दहाला ऑफिस गाठायचं. बाबा मागे आंघोळीला गेले होते. मी पाटीबिटी न बघता सरळ ब्रश उचलला आणि पहिल्या मूर्तीचे दोन्ही डोळे काढून टाकले. बाबा पंचा गुंडाळून आले आणि मूर्तीसमोर उभे राहिले.

मग म्हणाले, "पाटी घे. रेघ मार."

मारली. मिठागराचा बांध फुटल्यासारखी वाकडी आली.

"बघ गो, हा बाप्पा कसा बघताय ते."

बघितलं. वरची पापणी खाली उतरलेली, बुबुळ अर्धं झाकलेलं. गणपती नुकताच डुलकी काढून उठला होता, किंवा आता काढणार होता. आपले डोळे जसे तसे देवाचे उतरतात, असं बाबा नेहमी म्हणायचे. मला वाटायचं, बोलायची एक रीत आहे.

मी म्हटलं, "बाबा, पुसून परत काढते. वेळ नाय माझ्याकडे."

"नको. राहूदे तो." त्यांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. "जा, नीज. निजून ये, मग ये. कवा पन ये."

"आणि वेळेत नाय झाले तर?"

"तं हमरापूरच्या मानसाला बोलवीन. काय करनार?"

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, की मला रागच आला. झोपले नाही, जेवले नाही, तडक पेणची गाडी धरली. त्या दिवशी फळ्यावर माझे पंधरा तास लागले. चांदणी मिळाली. ती बघून पहिल्यांदाच बरं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

आता त्या प्रोग्रामबद्दल. कुठलाही प्रोग्राम देण्याआधी खोटी माहिती भरून तपासतात. खोटी, पण खऱ्यासारखी. मला जास्त राबणारे, सुट्टी न घेणारे, अपरात्री घरी जाणारे कामगार हवे होते. नवे कुठून जन्माला घालू? समोर फळा होता. मी आमचीच चार नावं, आमच्याच वेळांसकट, रोजच्या रोज भरत गेले. कंपनीचे खरे कामगार एक ते चारशे क्रमांकाचे, म्हणून आम्हाला नऊ हजार एक ते नऊ हजार चार असे क्रमांक दिले. देताना हे काढायचं विसरू नये म्हणून मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली, 'नऊ हजारवाले काढणे'. ती चिठ्ठी मी इतके दिवस बघितली, की पुढे पुढे ती मला दिसेनाशी झाली.

चतुर्थीला बारा दिवस राहिले असताना सर आणि मी फ्लॉपी घेऊन रोह्याला गेलो. टाइम ऑफिसात कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर खुर्चीवर आणि म्हात्रेमामा उभे. मामा नदीपलीकडच्या अष्टमी गावचे. रोज सायकलने पूल ओलांडून यायचे आणि त्यांची सायकल पुलावर दिसली की लोक घड्याळ लावायचे. उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, उरलेल्या तीन बोटांत पेन धरून ते मोत्यासारखं अक्षर काढत.

मी प्रोग्राम सुरू केला. हजेरी आली, शिफ्ट आल्या, रात्रपाळी वजा न होता आली. सरांची छाती फुगली. मॅनेजर म्हणाले, "ती जादा तासांची यादी काढा बघू." प्रिंटरने किर्र करून कागद बाहेर टाकला. मामांनी तो फाडून वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"साहेब, चार मानसं हायत. एकतीस दिवस, चौतीस दिवस, अडतीस दिवस. ही एक तर एक्केचाळीस दिवस सुट्टीवरच गेली नाय! रोजचे चौदा तास!"

मॅनेजर ताडकन उठले. "कुठल्या डिपार्टमेंटला?"

"कंत्राटदाराची असतील." मामांनी फोन उचलून गेटला लावला. "नऊ हजार एक ते चार, आत हायत का बघा. असतील तिथून भायेर काढा. पयल्यांदा त्यांना काय तरी खायला घाला, मग घरी पाठवा. नाय, आत्ताच्या आत्ता! कोनी हात लावू देऊ नका त्यांना मशीनला!"

नऊ हजार ऐकलं आणि घोटाळा माझ्या ध्यानात आला. गेटवरून उत्तर आलं, असा कोणी नाही. मामांनी चष्मा सावरून नावं वाचायला घेतली. "गुप्ते एस. पाटील एन..." आणि थांबून हळूच वर बघितलं. आधी सरांकडे, मग माझ्याकडे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सर पंख्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

"चूक झाली," मी म्हटलं. "तपासायला आमचीच नावं घातली होती. काढायची राहिली."

"नावं चुकून आली. तास खरे हायत का?"

मी मान डोलावली.

मामांनी उजवा हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला. "बाय, ही दोन बोटं हायत ना, नसलेली? जवान होतो. दुसऱ्या कंपनीत डबल शिफ्ट मारायचो. लय अभिमान होता. ह्या बोटांनी सोळा तास काम केला आनि सतराव्या तासाला गेली. मशीनचा पट्टा चालू हाय का बंद, तेवढाच बघायचा होता. बघितला. पन दिसला नाय."

मला चिठ्ठी आठवली. मीही बघितली होती, पण दिसली नव्हती.

मॅनेजर सरांना म्हणाले, "पण एवढी घाई कशाला केलीत? आम्ही तर दिवाळीनंतर पाहिजे म्हटलं होतं."

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हो... म्हणजे मला वाटलं, आधी दिलं तर... चांगलं दिसेल." एक्केचाळीस दिवस! कुणी न मागितलेल्या तारखेसाठी! त्या क्षणी माझ्या हातात बादली असती, तर मी ती दोरासकट सरांच्या डोक्यात घातली असती.

मामांनी यादीवर लाल पेनने सही केली. "प्रोग्राम एक नंबर हाय. पयल्याच दिवशी चार गुन्हेगार धरले. आता कायदा सांगतो, घरी जा. पुढचे दहा दिवस ह्या चौघांच्या गेटपासवर मी सही करनार नाय. मग साहेब असोत का कोन."

आम्ही मुंबईची एसटी पकडली, पेणला उतरायचं म्हणून. सर खिडकीशी बसले. नागोठणं यायच्या आत त्यांचं डोकं फायलीवर पडलं आणि घोरणं सुरू झालं. मी मनात म्हटलं, काय ही माणसं, आणि पुढचं मला आठवत नाही. कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हा गाडी पनवेल डेपोत उभी होती. "पेण? पेण कधीच गेलं, ताई."

त्या डेपोत, परतीच्या गाडीची वाट बघताना, सर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "मिस पाटील, आपण दोघं मिळून एक गाव हरवलं." मग थोड्या वेळाने विचारलं, "दहा दिवस तुम्ही काय करणार?"

"दोनशे अठरा डोळे काढायचेत," मी म्हटलं. "दोन काढून झाले. ते बिघडले." आणि मग सगळं सांगितलं, पाटी, रेघ, हमरापूरचा रंगारी. सर ऐकत राहिले. गाडी आल्यावर एवढंच म्हणाले, "दिनेश-अजितलाही सुट्टी सांगतो."

मी पेणच्या अलीकडे, जोह्याला जायला, हमरापूर फाट्यावरच उतरले. घरी पोचले तर बाबा पडवीत बसलेले, भोवती एकशेनऊ आंधळे गणपती आणि एक पेंगणारा. का आलीस, कशी आलीस, काही विचारलं नाही. पाटी पुढे केली. रेघ वाकडीच आली. मी आत जाऊन पडले. आई सांगायची, की मधे दोनदा तिने नाकापुढे हात धरून श्वास बघितला. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, जेवले आणि पुन्हा झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ मारली. बाबांनी पाटी उजेडात धरली, खूप वेळ धरली, आणि ब्रश माझ्या हातात दिला. तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मग रेघ बिघडली असती.

यावरून मी कायमची शहाणी झाले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुढे पुण्याच्या मोठ्या कंपनीत माझ्या हाताखाली बाराजण आले, तेव्हा मीही एका मुलीला तिच्या भावाच्या साखरपुड्याला जाऊ दिलं नव्हतं. कुठल्या कामासाठी, ते आज आठवत नाही. ती मुलगी आठवते. माणूस शिकतो आणि विसरतो, आणि पुन्हा कुणीतरी पाटी पुढे करावी लागते.

हरतालिकेच्या दिवशी दुपारपर्यंत सगळी गिऱ्हाइकं येऊन आपापले बाप्पा घेऊन गेली. नजर बदलली असं कुणी म्हटलं नाही. ब्रश धुवत होते, तेवढ्यात दारात गुप्ते सर उभे. ऑफिसात यंदा गणपती बसवायचा होता. तिथे त्याआधी कधी बसवला नव्हता. कोण बसवणार, सगळे कामात.

पडवीत जादा ठेवलेली एकच मूर्ती उरली होती, ती पेंगणारी. सर जवळ गेले, वाकून बघितलं. "पाटीलकाका, याचे डोळे असे कसे झाले?"

मी काहीतरी सारवासारव करणार होते, पण बाबा बोलून गेले. "ते तुमच्या हापिसातला काम हाय साहेब. तुमीच न्या."

सरांनी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. ऑफिसात जागा करायला काहीतरी हलवायला हवं होतं. दाराशेजारचा फळा काढला आणि दोन खुर्च्यांवर आडवा टाकून, त्यावर पांढरं कापड घालून बाप्पाला बसवलं. पाच दिवस ठेवला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला आलो. संध्याकाळी सहाला खालची गिरणी थांबली, बायका हातपाय धुऊन निघाल्या, जमीन स्थिर झाली. दिनेशने छत्री खुर्चीला लटकवली. अजितने प्रिंटरला कागद लावला. सर हात चोळत आतून आले, 'चला, आता' एवढं म्हणाले आणि त्यांची नजर समोर गेली.

बाप्पा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

सरांनी हात वर करून दिव्याचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "घरी चला रे. याला झोप आलीय."